भाऊंच्या लॉनवरचे पिवळे गोल

आमची कुत्री लघवीला बसण्याआधी जागा निवडते. नाक जमिनीला लावून स्वतःभोवती फिरते, थांबते, विचार करते, पुन्हा फिरते. मुलीसाठी स्थळ बघणारी माणसंही इतकी चिकित्सा करत नसतील. आणि एवढं सगळं करून बसणार कुठे, तर वरच्या मजल्यावरच्या भाऊंनी स्वतःच्या हाताने वाढवलेल्या लॉनवर. आमच्या सोसायटीच्या आवारात माती आहे, खडी आहे, नारळाचं आळं आहे, कुणीतरी कायमची उभी करून ठेवलेली स्कूटर आहे. पण नाही. बाईसाहेबांना खाली मऊ लागतं.

नर असता तर एवढी बेअब्रू झाली नसती. नर जरा खांबावर, जरा टायरवर, जरा भिंतीवर असं वाटत वाटत जातो. मादी एका जागी बसते आणि सगळं तिथेच रिकामं करते. काही दिवसांनी तिथलं गवत पिवळं पडतं. ताटलीएवढा गोल, मधे वाळलेला, आणि कडेला मात्र आजूबाजूच्या गवताहूनही हिरवा, साडीला काठ असावा तसा. पहिला गोल दिसला तेव्हा मी म्हटलं, ऊन लागलं असेल. पुढच्या गोलांना उन्हाचं नाव घ्यायची सोय राहिली नाही.

दोष कुत्रीला द्यावा, तर तिला तिथे नेत कोण होतं? मीच. मुलगी सकाळी ऑफिसला जाते ती दिवेलागणीनंतर उगवते. पिल्लू घरात आणताना "आई, मी सगळं करीन" म्हणाली होती, आणि तेव्हा तिला ते खरंही वाटत असावं. यांचे गुडघे दुखतात, विशेषतः संध्याकाळी. राहिलं कोण? आमच्या शिरगावात इमारती कितीही वाढल्या तरी थोडं चाललं की मोकळं रान अजून आहे, तिथवर तिला न्यायला हवं होतं. पण माझ्या अंगात गाऊन असायचा आणि वरून ओढणी. गाऊन-ओढणीवर बाई गेटपर्यंत जाऊ शकते, गेटच्या बाहेर नाही, असा आमच्याकडचा नियम आहे. तेवढ्यासाठी ड्रेस घालायचा मला कंटाळा. त्यामुळे माझ्या कंटाळ्याची हद्द जिथे संपायची तिथेच भाऊंचं लॉन होतं.

भाऊ अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मूळचे इथलेच, जवळच्या गावातले. त्यांच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. लग्नाचं आमंत्रण चुकलं तर माणसं एक वेळ विसरतील, हळदीचं चुकलं तर बोलणं बंद. आणि ती हळद लागते दारात. दारात मांडव, मांडवाखाली पाट, पाटावर नवरी. गावचं घर गेलं, तिथे आता इमारत उभी आहे. भाऊंच्या वाट्याला फ्लॅट आला. फ्लॅटला दार असतं, पण दारात काही नसतं. एकुलती लेक, तिची हळद हॉलमध्ये लावायची या कल्पनेनेच त्यांचा जीव गुदमरायचा. म्हणून निवृत्त झाल्याबरोबर बिल्डरने समोर टाकून दिलेला राडारोडा त्यांनी एकट्याने उपसला, लाल माती आणली, गवत लावलं. तेव्हा लोक हसले होते. "भाऊ, म्हैस घेताय का?" असं तर आमच्या ह्यांनीच विचारलं होतं.

"अंगण करतोय," भाऊ म्हणाले होते.

आता अंगण झालं होतं, लेकीचं लग्न माघात ठरलं होतं, आणि अंगणावर तळमजल्याच्या कृपेने डाग पडत होते.

भाऊ मला एका शब्दाने बोलले नाहीत. रोज सकाळी पाइप घेऊन पाणी मारायचे, डागाजवळ आले की जरा थांबायचे आणि पुढे जायचे. त्या थांबण्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, ती कसर भरून काढली. एके दिवशी दार उघडते तर लॉनच्या कडेने प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने उभ्या, आत नीळ कालवलेलं पाणी. निळ्या पाण्याला कुत्री घाबरतात असं आमच्याकडे सगळे मानतात, दुकानांच्या पायऱ्यांवरही असल्या बाटल्या दिसतात. कुत्र्यांचं मला माहीत नाही, मी मात्र घाबरले. सोसायटीत दुसरं कुत्रंच नव्हतं.

"छान दिसतायत हो बाटल्या," मी वर बघून म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"हो ना," वहिनी गॅलरीतून म्हणाल्या. "म्हटलं लग्नघर आहे, थोडं डेकोरेशन नको?"

त्या संध्याकाळी आमची कुत्री एकेक बाटली हुंगत ओळीच्या टोकापर्यंत गेली, परत आली आणि दोन बाटल्यांच्या बरोब्बर मधे बसली. वहिनी वरून बघतच होत्या.

"ओढू नका ताई, बसू दे. मॅडमना आडोसा झाला."

मी ओढणी सारखी केली, सॉरी म्हटलं आणि घरात आले. सॉरी म्हणजे तोवर माझं नमस्कार म्हणणंच झालं होतं. जिन्यात भेटले सॉरी, भाजीवाल्यापाशी भेटले सॉरी. एकदा वहिनींनी संकष्टीचे मोदक पाठवले तर मी डबा घेताना थँक्यूऐवजी सॉरीच म्हणाले.

मग घरात विचारविनिमय सुरू झाला. मुलीने मोबाइलवर बघून सांगितलं की कुत्र्याच्या जेवणात टोमॅटो घातला की डाग पडत नाहीत. मी कुत्रीला टोमॅटोचं सार आणि भात घालायला लागले. तिला ते भलतंच आवडलं. साराला मीठ, मिठाने तहान. ती पाणी जास्त प्यायला लागली आणि खाली जायलाही जास्त मागायला लागली. हे म्हणाले, "अजून पापड-लोणचं काय ते राहिलं."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. "तुम्ही देशावरचे. माझं माहेर कुळगावचं, आमची भातशेती होती. पिवळं पडलेलं पीक कसं हिरवं करायचं ते मला माहितीय."

"तू कधी शेतात गेली होतीस?"

"जायचे की. बाबांचा डबा घेऊन."

डबा नेणारीला जेवढी शेती दिसते तेवढी मला नक्की दिसली होती. भात पिवळं पडलं की बाबा युरिया मारायचे. पांढरे दाणे, काखेत पाटी, हात असा लांब फिरवून फेकायचे, की थोड्याच दिवसांत सगळं हिरवंगार. मी बाजारातल्या खताच्या दुकानातून युरिया आणला, आणि भाऊ नातेवाइकांकडे पत्रिका द्यायला गेलेले बघून प्रत्येक पिवळ्या गोलावर मूठ मूठ टाकला. हात बाबांसारखाच फिरवला. खिडकीतून हे बघत होते, त्यांच्यासाठी जरा जास्तच फिरवला. त्यांना आश्चर्य वाटायला हवं होतं, भाऊंना तर आनंदाचा धक्काच. डोळ्यांसमोर सगळं दिसत होतं. वहिनी बाटल्या उचलतायत, आणि मला म्हणतायत, ताई, शेवटी शेतकऱ्याची लेक ती शेतकऱ्याची लेक.

आठवडा गेला आणि ताटल्यांच्या पराती झाल्या. पिवळं होतं ते तपकिरी झालं. मूठ जिथे नीट पडली नव्हती, हात लांब फिरवल्यामुळे दाणे भलतीकडे उडाले होते, तिथेही चट्टे उठले. गोल एकमेकांना जाऊन मिळाले. जिथे आमच्या कुत्रीने कधी पाऊलही टाकलं नव्हतं तिथेही आता जळलं होतं, आणि ते काम तिचं नव्हतं.

भाऊ उकिडवे बसून जळक्या गवतात बोटं घालून बघत होते. मला बघून उठले.

"ताई, काही टाकलंत का हो?"

"थोडा युरिया."

"थोडा?"

"मूठ मूठ."

"अच्छा," भाऊ म्हणाले.

एवढंच. एवढं बोलून ते पाइप गुंडाळायला लागले. माझ्या आयुष्यात मला बरेच लोक बरंच काही बोलले आहेत. सासूबाई होत्या, शाळेत मुलीच्या बाई होत्या. पण त्या अच्छाने मी जी खाली बसले ती दोन दिवस खिडकीतही गेले नाही.

मग ह्यांना उपाय सुचला. प्लास्टिकचं लॉन. उल्हासनगरला, कॅम्प पाचला, सगळं मिळतं. आम्ही दोघं गेलो. सिंधी दुकानदाराने गुंडाळी उलगडून दाखवली, हिरवी इतकी की डोळ्यांना पाणी यावं.

"शादी के लिए चाहिए भाभी, या कुत्ते के लिए?"

"दोनों के लिए," हे म्हणाले.

"फिर तो यही लो. कुत्ता करे, बच्चा करे, बाराती करे, ऊपर से पाइप मारो, नया का नया. असली घास में है ये बात?"

आम्ही बघायला म्हणून एक तुकडा आणला आणि भाऊंना दाखवला. मीच दाखवला. भाऊंनी तो हातात घेतला, उलटा केला, मागची काळी रबरी जाळी बघितली, पुन्हा सुलटा केला. तळव्याने एकदा त्यावरून हात फिरवला. मग घडी करून माझ्या हातात परत दिला. "तुम्ही एवढ्या लांब गेलात," म्हणाले, "बसा, चहा घ्या." चहा घेताना मी तो तुकडा मांडीखाली सरकवला. लेकीला पाटावर बसवायला ज्यांनी माती खांद्यावरून वाहिली त्यांच्यापुढे मी पायपुसणं धरलं होतं.

लग्नाला आता थोडेच आठवडे राहिले होते. थंडीत हे गवत पसरतही नाही, नुसतं जिवंत राहतं. वहिनी हॉलचं नाव काढायला लागल्या होत्या. मला ऐकू जाईल अशा आवाजात नाही, हे विशेष. टोमणे बंद झाले होते, आणि त्यावरून मला कळलं की प्रकरण खरंच गंभीर आहे.

खिडकीत बसून मी त्या डागांकडे बघत राहायची. त्यांच्याभोवतीचा तो गडद हिरवा काठ रोज दिसत होता, पण मी तो बघत नव्हते. एक दिवस बघितला आणि बाबांच्या शेताचा बांध आठवला. युरियाचं पोतं बांधावर फाटलं होतं. मी म्हटलं होतं, आता इथे कसलं गवत येईल! तर जिथे ढीग सांडला होता तिथलं सगळं जळून गेलं, आणि त्याच्या कडेकडेने मात्र गुडघाभर हिरवं उठलं. थोडं असलं की खत, ढीग झाला की विस्तव. बाबा तेव्हा म्हणत होते, पाणी सोडा, भरपूर पाणी सोडा, धुऊन जाऊ दे. मी डबा ठेवून चिंचा पाडायला गेले असणार.

म्हणजे आमच्या कुत्रीने जे गवताला पाजलं तेही खतच होतं, एका जागी ढीगभर. आणि मी काय केलं, तर खताने जळलेल्यावर आणखी खत ओतलं. पोट बिघडलेल्या माणसाला आग्रहाने जिलेबी वाढावी तसं.

हे भाऊंना जाऊन सांगणं भाग होतं. मी चांगला ड्रेस घालून वर गेले, जणू मुलाखतीला. सगळं सांगितलं, बांध, पोतं, काठ. भाऊंनी ऐकून घेतलं.

"मग धुवायला पाहिजे," म्हणाले, आणि पायात चपला घातल्या.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ चट्ट्यांवर पाइप. माती नुसती ओली नाही, पाणी खोल उतरेपर्यंत. मग मेलेलं गवत खुरप्याने खरवडून काढलं, वरची माती उचलून टाकली, नवी माती आणि शेणखत घातलं. गवत मात्र आणायचं नाही, भाऊ म्हणाले, दुसऱ्या जातीचं ठिगळासारखं दिसतं. भिंतीलगतची पट्टी हळदीला कुणाच्या पायाखाली येणार नव्हती, तिथून मुळासकट ठोंब काढले आणि चट्ट्यांत चार-चार बोटांवर लावले. भाताची लावणी तशीच, फक्त चिखल कमी. एका रविवारी सगळे खाली होतो. ह्यांनी ज्वारीच्या मुलखातल्या माणसाला शोभेल अशी लावणी केली, दोन ठोंबांत एक मूल झोपेल एवढं अंतर. शेवटी वहिनीच पदर खोचून खाली उतरल्या.

"सरका ताई. तुमच्या हातून मूळ वर आणि शेंडा खाली जायचा."

सरकले. वहिनी पुन्हा टोमणे मारत होत्या आणि मला बरं वाटत होतं.

कुत्रीची व्यवस्था बदलली. आता मी ड्रेस घालून तिला रानाकडे न्यायला लागले. गेटपर्यंत पोचायच्या आत ती बसलीच तर लगेच त्यावर ओतायला हातात पाण्याची बाटली. ताबडतोब पाणी पडलं की डाग पडत नाही, हे आता मी कुणालाही सांगू शकते. फक्त संध्याकाळच्या वेळी हातात पाण्याची बाटली घेऊन रानाकडे निघालेली बाई म्हटल्यावर लोक काय समजतात, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. ओळखीच्या बायका समोरून येताना नजर दुसरीकडे वळवायच्या. एकीने तर धीर करून विचारलं, "घरात काही काम काढलंय का हो, फरशीचं वगैरे?"

ठोंबांनी जीव धरला. हळदीच्या आदल्या आठवड्यात लांबून बघितलं तर सगळं हिरवंच वाटायचं, जवळून बघितलं तर टक्कल झाकायला आडवे विंचरलेले केस. पण मी ते जवळूनच बघत होते, दिवसभर. जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून प्रत्येक चट्ट्याभोवती दोरी बांधली. मुलांचा बॉल गेला तर मीच आत जाऊन आणून द्यायची, चवड्यांवर. कुरिअरवाल्याला ओरडले. मांडववाला बांबू रोवायला आला तर त्याच्याबरोबर फिरून प्रत्येक खड्डा हातभर सरकवायला लावला, तो म्हणाला, "मावशी, मांडव तिरका होईल." होऊ दे म्हटलं. घरात मुलगी म्हणाली, "आई, कुत्री बरी होती." मी लक्ष दिलं नाही. माझ्याकडून भाऊंच्या अंगणाची नासाडी झाली होती, ते मला परत जसंच्या तसं त्यांच्या हातात द्यायचं होतं.

हळदीच्या संध्याकाळी नवरी पाटावर बसली. मांडव खरंच थोडा तिरका होता. गावाकडून गाड्या भरभरून माणसं आली होती, बायका पिवळ्या साड्यांत, बेंजोवाले गेटपाशी बसलेले. मी दोऱ्यांच्या मधोमध उभी, दोन्ही हात पसरून, वाहतूक पोलिसासारखी. "इकडून नको, तिकडून या. ताई, जरा कडेने. अहो, गवत कोवळं आहे." माणसं वळसे घालत होती, एकमेकांना विचारत होती ही बाई कोण, नवऱ्याकडची का?

तेवढ्यात हळदीची गाणी म्हणणारी धवलारीण आली. तिच्याशिवाय पहिली हळद लागत नाही. म्हातारी बाई, गेटपासूनच गाणं सुरू केलेलं, मागे चार बायका झिलकरी. सरळ पाटाच्या रोखाने निघाली आणि माझ्या दोरीशी थांबली.

"आजी, तिकडून फिरून या ना. इथे गवत आहे."

गाणं थांबलं. म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"गवात? मी काय चराला आयले का गो?"

पाठीमागच्या बायका हसल्या. मग कुणीच हसेना. बेंजोवालेही थांबले. पाटावर नवरी हळदीची वाट बघत ओंजळ धरून बसली होती आणि ती, वहिनी, सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. धवलारीण हलेना, मी हात खाली घेईना. म्हणजे घ्यायचे होते, पण घेता येत नव्हते, काय ते कळत नाही, हातच तसे राहिले.

भाऊ माणसांतून वाट काढत आले. हळू बोलले, मला एकटीलाच ऐकू जाईल असं.

"ताई, दोरी सोडा."

"अहो पण सगळं उपटून जाईल. एवढी लावणी—"

"जाऊ दे ना. माणसं यावीत म्हणूनच केलंय ते."

आणि मी अजून उभीच, तेव्हा त्यांनीच वाकून दोरीची गाठ सोडायला घेतली. मी ती चांगली पक्की मारली होती. त्यांना सुटेना. नखांनी सोडावी लागली. अख्ख्या गावासमोर, लेकीची हळद थांबवून, भाऊ माझ्या पायाशी बसून गाठ सोडत होते.

दोरी पडली. धवलारणीने थांबल्या शब्दापासून गाणं उचललं आणि ती त्या ठोंबांवरून चालत पाटाशी गेली. मागून सगळी माणसं आत शिरली. मी कडेला होऊन दोरी हाताला गुंडाळत राहिले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

"काकू," नवरीने पाटावरून हाक मारली. तोंड पिवळंधमक झालं होतं. "तुमची हळद राहिली ना. या की."

मी चपला काढल्या. का काढल्या कुणास ठाऊक, बाकी सगळे चपलांनीच फिरत होते. चट्ट्यावरून जाताना पायाखाली ठोंब निसटत होते, बोटांत मुळं येत होती. भाऊ पाटाशेजारीच उभे होते. त्यांच्याकडे बघायचं माझं धाडस झालं नाही, म्हणून मी लेकीच्याच तोंडाकडे बघत हळद लावत राहिले, कपाळाला, गालांना, पुन्हा गालांना, शेवटी ती म्हणाली, "काकू, बास, डोळ्यांत जाईल."